धोक्याची घंटा आणि कायद्याची मर्यादा

ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्याच्या पूर्वेस, सह्याद्रीची जी उभी भिंत लागते तिच्या कुशीत सिद्धगड हा किल्ला उभा आहे. पाठीशी भीमाशंकराचे अरण्य, समोर कोकणात उतरत जाणारी भातखाचरे, आणि मध्ये पिढ्यानपिढ्या नांदलेल्या वाडीची माची, असा त्याचा थाट आहे. आषाढ-श्रावणात या डोंगरावर पावसाची झड लागली म्हणजे दिवस आणि रात्र यांतील भेदही ओळखू येईनासा होतो. अशा वेळी वरचा कडा सुटू पाहत असेल, तर पायथ्याच्या वाडीस ते कोणी सांगावे, आणि मध्यरात्री सांगितले तर ते ऐकू तरी कसे जावे, हा प्रश्न या मुलखात केवळ कल्पनेचा नाही. याच डोंगररांगेच्या पलीकडल्या अंगास, आंबेगाव तालुक्यात, माळीण हे गाव आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा कडा त्या गावावर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. ती वार्ता बाहेर कळली तीही एस. टी. बसच्या चालकामुळे. नेहमीच्या रस्त्याने तो आला, तेव्हा जेथे गाव असावयाचे तेथे त्यास चिखलाचा ढीग दिसला.

पूर्वी गावात अशी वर्दी द्यावयाची म्हणजे दवंडी पिटीत. चावडीवरून हुकूम सुटे, डफ वाजे आणि जो मजकूर सर्वांस कळावा तो गल्लोगल्ली ओरडून सांगितला जाई. दवंडीत सारा वसूल करण्याची ताकीद असे, जत्रेचा दिवस असे, पटकीची साथ आल्याची सूचनाही असे. डफ एकच आणि मजकूर मात्र नाना तऱ्हेचे. त्यामुळे डफ ऐकून कोणी धावत सुटत नसे. काय सांगतात ते आधी ऐकून घेई. धोक्याच्या घंटेची गोष्ट निराळी आहे. ती ऐकल्यावर विचार करीत बसावयाचे नसते, तर उठावयाचे असते. म्हणूनच ती कोणी वाजवावी, कशासाठी वाजवावी आणि कशासाठी मुळीच वाजवू नये, हे आधी ठरलेले असावे लागते. ते ठरविण्याचे काम कायद्याचे होय.

आज ही घंटा प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलवर धोक्याची सूचना पाठविण्याची जी नवी रीत आहे तिला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. नेहमीचा संदेश एका क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकाकडे जातो, आणि एका वेळी लाखो संदेश सुटले की वाटेत गर्दी होऊन ते रेंगाळतात. सेल ब्रॉडकास्टचे तसे नाही. येथे मनोराच आकाशवाणीच्या केंद्राप्रमाणे बोलतो. त्याच्या टापूत जेवढे मोबाइल असतील तेवढे एकाच क्षणी ती सूचना पकडतात. कोणाचा क्रमांक कोणता, हे पाठविणाऱ्यास ठाऊक असण्याचे कारणच नाही. मोबाइल मोठा कर्कश आवाज करतो, थरथरतो आणि पडद्यावर मजकूर उमटवितो. तो वाचल्याची खूण केल्याखेरीज पडदा बहुधा मोकळा होत नाही. भारतात दूरसंचार विभागाच्या सी-डॉट या संस्थेने ही यंत्रणा बांधली असून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' या योजनेशी ती जोडलेली आहे.

महाराष्ट्रातील अनेकांनी हा आवाज प्रथम ऐकला तो २० जुलै २०२३ रोजी सकाळी. ती चाचणी होती, आणि तसे मजकुरात स्पष्ट लिहिलेही होते. परंतु त्या दिवशी सकाळी महाराष्ट्राचे चित्त अन्यत्र गुंतले होते. आदल्याच रात्री रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली होती. चार दिवस शोध चालला, २७ मृतदेह हाती आले आणि ५७ माणसांचा पत्ता लागला नाही. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे पुढे सरकारकडून सांगण्यात आले. वाडी गाढ झोपेत गाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या खिशांत चाचणीची घंटा वाजली. या योगायोगाबद्दल कोणास दोष देता येणार नाही. तथापि या यंत्राचे खरे काम कोठे आहे, ते त्याने दाखवून दिले. ते काम इरशाळवाडीत आहे, माळीणमध्ये आहे, सिद्धगडाच्या पायथ्याशी आहे.

या यंत्रामुळे शासनाच्या हाती आलेली सत्ता मात्र नीट ओळखून घेतली पाहिजे. वर्तमानपत्र न उघडण्याची मोकळीक नागरिकास असते. रेडिओची कळ फिरविता येते. सभेतून उठून जाता येते. ही घंटा मात्र विचारल्याशिवाय शयनगृहात शिरते आणि झोपलेल्यास उठविते. काही प्रकारच्या सूचना बंद ठेवण्याची सोय मोबाइलमध्ये असते खरी, परंतु फारच थोडी माणसे तिच्या वाटेस जातात. अशा रीतीने कोट्यवधी माणसांस एकाच क्षणी हातातले काम टाकावयास लावण्याचे सामर्थ्य कोणत्याही पूर्वीच्या राजसत्तेस लाभले नव्हते. प्राणरक्षणासाठी ते योग्यच आहे. पण तेच सामर्थ्य एखाद्या योजनेच्या जाहिरातीसाठी, सणाच्या शुभेच्छांसाठी किंवा निवडणुकीच्या तोंडावर आपली कामगिरी सांगण्यासाठी वापरले, तर त्यास आडकाठी कोणती?

संकटाच्या नावाने घेतलेल्या सत्तेस मर्यादा असते की नाही, या प्रश्नाशी सिद्धगडाचा फार जुना संबंध आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, हे पेशाने वकील होते. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडून त्यांनी सरकारची युद्धयंत्रणा खिळखिळी करण्याचा उद्योग आरंभिला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांस गाठले, आणि भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील हे गोळीबारात हुतात्मे झाले. तेव्हा देशावर भारत संरक्षण कायद्याचा अंमल होता. महायुद्ध हे संकट खरेच होते, यात संशय नाही. परंतु त्या संकटासाठी मिळविलेले अधिकार शत्रूशी लढण्यापुरते राहिले नाहीत. स्वकीयांचे तोंड बंद करण्याकडेही ते वळले.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात दिल्लीच्या फेडरल कोर्टापुढे केशव तळपदे यांचा दावा आला. मुंबई सरकारने त्यांस भारत संरक्षण नियमांतील २६ व्या नियमाखाली स्थानबद्ध केले होते. मूळ कायद्याने अधिकार दिला होता तो वाजवी संशय असलेल्यांस अटकाव करण्याचा. नियम करताना मात्र सरकारने आपली 'खात्री' झाली म्हणजे पुरे, असे लिहून टाकले होते. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने सांगितले की, कायद्याने जेवढे दिले त्याहून अधिक नियमाने घेता येणार नाही, आणि तो नियम रद्द ठरविला. सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून ती फट बुजविली. पुढे १९४५ साली प्रिव्ही कौन्सिलनेही फेडरल कोर्टाचा तो निर्णय चुकीचा ठरविला. म्हणजे मर्यादा आखली गेली खरी, पण ती टिकली नाही. टिकाऊ मर्यादेसाठी लिखित राज्यघटना आणि मूलभूत हक्क यांची वाट पाहावी लागली.

याच काळातील आणखी एक घटना मुंबईकरांच्या स्मरणातून अजून गेलेली नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्यांबरोबर सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्य होते. स्फोटक माल वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावावयाचा असतो. तो या जहाजावर नव्हता. आग दुपारी दिसली, पहिला मोठा स्फोट चार वाजून गेल्यावर झाला. मधल्या दोन तासांत गोदीतील माणसांस आणि शेजारच्या वस्तीस दूर हटविण्याची इशारत झाली नाही. शेकडो माणसे प्राणास मुकली. आणि झाल्या प्रकाराची सविस्तर वार्ता दुसऱ्या दिवशी प्रथम दिली ती जपान्यांच्या ताब्यातील सायगावच्या रेडिओने; हिंदुस्थानातील वार्ताहरांस ती बाहेर पाठविण्याची मुभा मे महिन्यात मिळाली. आपल्या शहरातील आगीची हकीकत शत्रूच्या ध्वनिक्षेपकावरून येते, तेव्हा आपल्या सरकारच्या आवाजावरील लोकांचा विश्वास कितीसा उरणार? धोक्याच्या यंत्रणेचा दुरुपयोग दोन प्रकारांनी होतो, हे येथे ध्यानात घ्यावे. नको तेव्हा घंटा वाजविणे हा एक, आणि हवी तेव्हा ती न वाजविणे हा दुसरा. कायद्याची मर्यादा या दोन्ही बाजूंनी असावयास हवी.

आता आजचा कायदा पाहू जाता, त्याचा मुख्य आधार म्हणजे २००५ सालचा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्याच्या ६७ व्या कलमात सूचनेचा अधिकार सांगितला आहे. राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाने शिफारस करावयाची. तिच्यावरून सरकारने ध्वनी किंवा दृश्य माध्यमांच्या अथवा दळणवळणाच्या इतर साधनांच्या चालकांस आज्ञा द्यावयाची. आणि त्यांनी ती पाळावयाची, असा तो क्रम आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहाध्यक्ष असतात. म्हणजे मुरबाडच्या डोंगराबद्दलची शिफारस ठाण्याहून निघू शकते. त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.

या कलमात एक मर्यादा गुंफलेली आहे. ती शब्दांत फार ठळक नसली, तरी अर्थाने पक्की आहे. सूचना द्यावयाची ती ओढवू पाहणाऱ्या किंवा ओढवलेल्या आपत्तीसंबंधीच. आणि 'आपत्ती' म्हणजे काय, हे कायद्याच्या दुसऱ्या कलमात सांगितले आहे. निसर्गाने, मनुष्याने, अपघाताने वा हयगयीने ओढवलेला असा गंभीर प्रसंग, की ज्यात मोठी प्राणहानी, यातना, मालमत्तेचा किंवा पर्यावरणाचा नाश होतो, आणि ज्यास तोंड देणे त्या भागातील समाजाच्या शक्तीपलीकडचे असते, तो आपत्ती होय. दरड, महापूर, वादळ, वायुगळती ही सर्व या व्याख्येत बसतात. नव्या योजनेचे उद्घाटन बसत नाही. मंत्र्यांचे आवाहन, केवळ ते मंत्र्यांचे आहे म्हणून, बसत नाही. ज्या हेतूने अधिकार दिला त्या हेतूबाहेर तो वापरणे हे अधिकाराचे उल्लंघन होय, हा न्यायशास्त्रातील जुना सिद्धान्त आहे. तळपदे यांच्या दाव्याच्या मुळाशी हाच सिद्धान्त होता, आणि स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी तो अधिक दृढ केला आहे.

त्याच कायद्याचे ५४ वे कलम खोट्या सूचनेविषयी आहे. आपत्तीबद्दल किंवा तिच्या तीव्रतेबद्दल खोटी सूचना देऊन जो घबराट उडवील, त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड सांगितला आहे. हे कलम नागरिकांपुरतेच आहे असा सर्वसाधारण समज आढळतो. परंतु कायद्याची भाषा तशी नाही. ५५ व्या कलमानुसार सरकारी खात्याकडून अपराध घडल्यास खात्याचा प्रमुख दोषी मानला जातो. आपणांस ते ठाऊक नव्हते किंवा आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, असे सिद्ध केले तरच त्याची सुटका होते. आणि ६० व्या कलमाने सामान्य माणसासही, किमान तीस दिवसांची पूर्वसूचना देऊन, न्यायालयात फिर्याद नेता येते. मात्र ७३ वे कलम सद्हेतूने केलेल्या कृत्यास संरक्षण देते. ते इष्टच आहे. पाऊस पाहून ज्याने रात्री वाडी रिकामी करविली आणि सकाळी दरड आली नाही, त्या अधिकाऱ्यास गुन्हेगार ठरविले, तर पुढल्या खेपेस कोणताही अधिकारी घंटेस हात लावणार नाही. सावधपणाची चूक आणि लबाडीचा वापर यांत कायद्याने भेद केलाच पाहिजे.

परंतु येथेच कायद्यातील पोकळी उघडी पडते. ५४ वे कलम खोट्या सूचनेस शिक्षा सांगते. समजा, उद्या ही घंटा वाजवून एखाद्या सरकारने आपल्या योजनेची माहिती दिली आणि ती माहिती अक्षरशः खरी असली, तर आपत्तीबद्दल खोटी सूचना दिली असे म्हणता येणार नाही. ते कृत्य अधिकाराबाहेरचे ठरेल, पण या कलमाखाली अपराध ठरणार नाही. त्यास आव्हान द्यावयाचे तर घटनेच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात जावे लागेल. कारण या कायद्याखाली केलेल्या कृतींची तपासणी ७१ व्या कलमाने सर्वोच्च व उच्च न्यायालयांपुरती राखून ठेवली आहे. सिद्धगडाच्या माणसास मुंबईचा फोर्ट विभाग भूगोलाने फार दूर नाही. पण वकीलपत्र आणि रिट अर्ज यांच्या वाटेने तो फार दूर आहे.

दूरसंचाराच्या कायद्यांतही अशीच मर्यादा अप्रत्यक्षपणे सापडते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याचे २० वे कलम २६ जून २०२४ पासून अमलात आले. सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी दूरसंचाराच्या जाळ्याचा तात्पुरता ताबा घेण्याचे आणि काही संदेशांस अग्रक्रम देण्याचे अधिकार त्याने सरकारास दिले आहेत. हे शब्द व्यापक आहेत. परंतु सरकार म्हणेल तो त्यांचा अर्थ, असे न्यायालयांनी मानलेले नाही. सट्ट्यासाठी वापरले जातात म्हणून काही दूरध्वनी तोडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या अखेरीस सांगितले की, सार्वजनिक आणीबाणी आहे याबद्दलची खात्री अधिकाऱ्याने प्रथम विचारपूर्वक करून घेतली पाहिजे. आर्थिक अडचण म्हणजे आपोआप आणीबाणी नव्हे. दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की, आणीबाणी ही गुप्त गोष्ट असू शकत नाही. कोणाही समंजस माणसास ती दिसली पाहिजे. आणि १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या दाव्यात असे ठरले की, असे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, आणि उपाय संकटाच्या प्रमाणातच असला पाहिजे. हे तिन्ही निर्णय धोक्याच्या घंटेसंबंधी दिलेले नाहीत. तथापि त्यांतून निघणारा न्याय घंटेसही लागू पडतो. संकट खरे असावे, ते उघड असावे, आणि उपाय त्याच्या मापाचा असावा.

येथे अशी शंका निघेल की, ज्याचा दुरुपयोग झाल्याचे दिसत नाही त्यास आधीच कुंपण कशासाठी? याचे उत्तर असे की, मोह कोणत्या दिशेस ओढतो, ते शेजारच्या उदाहरणांवरून दिसते. मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागू झाल्यावरही 'विकसित भारत' या मथळ्याचे सरकारी संदेश व्हॉट्सॲपवर लोकांस येत राहिले. तक्रारी आल्यावर २१ मार्च रोजी निवडणूक आयोगाने ते थांबविण्याचा आदेश माहिती तंत्रज्ञान मंत्रालयास दिला. संदेश आचारसंहितेपूर्वीच सोडले होते, त्यांतील काही तांत्रिक कारणाने उशिरा पोहोचले, असे मंत्रालयाने कळविले. तो मार्ग धोक्याच्या घंटेचा नव्हता. परंतु लोकांच्या मोबाइलपर्यंत पोहोचण्याची सोय हाती असली की ती वापरण्याची इच्छा होते, एवढे त्यातून स्पष्ट होते. आणि ही इच्छा कोणत्याही एका पक्षाची मिरास नाही. सरकारी जाहिरातींतून नेत्यांची प्रतिमा उजळण्याचा प्रघात इतका बळावला होता की, १३ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयास त्याबद्दल नियम आखून द्यावे लागले, आणि सरकारी पैशाची जाहिरात पक्षीय असता कामा नये, असे सांगावे लागले.

इतर देशांत या प्रश्नाचा विचार कसा झाला, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत २०१६ साली संमत झालेल्या कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे की, चाचणीस आवश्यक तेवढा भाग सोडल्यास, नैसर्गिक आपत्ती, दहशतवादी कृत्य किंवा मनुष्यनिर्मित आपत्ती अथवा सार्वजनिक सुरक्षिततेस असलेला धोका यांच्याशी संबंध नसलेला संदेश या यंत्रणेतून पाठविता येणार नाही. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी तेथे राष्ट्राध्यक्षांच्या नावाने पहिली देशव्यापी मोबाइल चाचणी झाली, तेव्हा ती थांबवावी म्हणून काही नागरिक न्यायालयात गेले. न्यायालयाने चाचणी थांबविली नाही. परंतु वाद घालण्यास लिखित कायदा हाताशी होता, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच वर्षी १३ जानेवारीस हवाई बेटांवर निराळाच प्रकार घडला होता. शत्रूचे क्षेपणास्त्र येत आहे, ही चाचणी नव्हे, अशी सूचना एका कर्मचाऱ्याच्या चुकीने सर्वांच्या मोबाइलवर गेली. चूक झाली, असे सांगणारी दुसरी सूचना मोबाइलवर यावयास ३८ मिनिटे लागली. तेवढा वेळ लोक लेकरांस पोटाशी धरून मरणाची वाट पाहत बसले होते. घंटा वाजविण्याची रीत जशी लिहून ठेवलेली असावी लागते, तशी ती मागे घेण्याचीही असावी लागते, हा त्या दिवसाचा धडा होय.

घंटेचा वापर स्वस्त झाला की तिचे मोल उतरते, हे आपल्या सरकारासही ठाऊक आहे. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या आणि भोंगे वाजले. पुढे सीमेवर तणाव वाढला असता काही वृत्तवाहिन्या आपल्या कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वारंवार लावू लागल्या. तेव्हा १० मे रोजी नागरी संरक्षण महासंचालनालयाने, १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याचा आधार देऊन, वाहिन्यांस कळविले की, लोकशिक्षणाचा हेतू नसेल तर हा आवाज वापरू नये. कारण तो नेहमी कानावर पडला तर खऱ्या हल्ल्याच्या वेळी लोक त्यास नेहमीचाच प्रकार समजतील. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. महासंचालनालयाचे म्हणणे तेच होते. जे तर्कशास्त्र वृत्तवाहिन्यांस लागू पडते, ते सरकारास का पडू नये? मेंढपाळाचे पोर पगारी असले म्हणून लांडग्याची गोष्ट बदलत नाही.

तेव्हा मर्यादा कोणत्या असाव्यात, हे सांगणे कठीण नाही. पहिली ही की, प्राणास किंवा सुरक्षिततेस असलेल्या नजीकच्या धोक्याखेरीज अन्य कशासाठीही ही यंत्रणा वापरता येणार नाही, असे वाक्य कायद्यात स्पष्टपणे असावे. ते आज केवळ अर्थावरून काढावे लागते. दुसरी ही की, संदेशात कोणाही व्यक्तीचे नाव, चित्र किंवा गुणगान असू नये. काय होत आहे, कोठे होत आहे, काय करावे आणि सूचना कोणत्या कार्यालयाची, एवढेच असावे. तिसरी ही की, सूचना धोक्याच्या टापूपुरतीच असावी. सिद्धगडाची दरड दादरच्या माणसास जागवू लागली, तर दादरचा माणूस ती घंटा बंद करून ठेवील, आणि मग मिठी नदीच्या पुराच्या रात्री तो झोपलेला असेल. चौथी ही की, चाचणी आधी जाहीर करावी आणि तिच्यात 'चाचणी' हा शब्द सर्वांत वर असावा. पाचवी ही की, प्रत्येक सूचना कोणी, कोणत्या माहितीवरून आणि केव्हा सोडली याची नोंद ठेवावी व ती लोकांस पाहता यावी. आणि सहावी, जिचा विसर सहज पडतो ती ही की, धोका कळल्यावर सूचना न देणे याचाही जाब द्यावा लागावा. घटनेच्या २१ व्या कलमात जीविताच्या हक्काची ग्वाही आहे. कडा सुटत असल्याचे कळूनही जे सरकार वाडीस उठवीत नाही, त्याने त्या हक्काचा मान राखला, असे म्हणता येणार नाही.

अशा मर्यादांमुळे सरकारचे हात बांधले जातील आणि ऐन वेळी उशीर होईल, असा आक्षेप घेण्यात येईल. परंतु यांपैकी एकही मर्यादा खऱ्या संकटात आड येत नाही. दरड येत असता ती दरड आहे हे ठरविण्यास न्यायालयाची परवानगी लागत नाही. नोंद करण्यास क्षण पुरतो, आणि नेत्याचे नाव गाळल्याने संदेश लांबत नाही, उलट आटोपशीर होतो. उशीर होतो तो अन्य कारणांनी. मनोऱ्याची लहर दरीत पोहोचत नाही, पर्जन्यमापक यंत्र डोंगरावर नसते, मजकूर वाडीतील माणसास समजेल अशा मराठीत नसतो, किंवा धोक्याच्या यादीत वाडीचे नावच नसते. हे दोष काढण्यास कायद्याची मर्यादा अडथळा करीत नाही. ती जाब मागण्याची सोय करून देते.

या साऱ्या विवेचनाचे सार एका वाडीच्या दृष्टीने पाहिले असता अधिक स्पष्ट होते. श्रावणातील मध्यरात्र आहे. पाऊस कोसळत आहे. उंबऱ्याबाहेर काळोख, गोठ्यात जनावरे, पाळण्यात तान्हे मूल आहे. अशा वेळी घरातील मोबाइल एकाएकी कर्कश ओरडू लागतो. घरधन्याने काय करावे? ऊबदार घोंगडी, जनावरे आणि पेटीतले धान्य टाकून लेकराबाळांसह पावसात बाहेर पडावे, की हा सरकारचा नेहमीचाच गलबला आहे असे म्हणून कूस बदलावी? त्याचा निर्णय त्या रात्रीच्या मजकुरावर जेवढा अवलंबून असेल, त्याहून अधिक त्याआधी ती घंटा किती वेळा आणि कशासाठी वाजली होती, यावर अवलंबून असेल. दर सणास ती वाजली असेल, तर तो कूस बदलील. केवळ प्राणावर बेतले तेव्हाच वाजली असेल, तर तो उठेल.

सरकारच्या घंटेस कायद्याचे कुंपण घालावयाचे ते सरकारविषयी आकस म्हणून नव्हे. त्या घरधन्याने उठावे म्हणून घालावयाचे. सिद्धगडाच्या पायथ्याशी दर वर्षी २ जानेवारीस हुतात्म्यांस वंदन करण्यासाठी लोक जमतात. ज्या वकिलाने त्या रानात देह ठेवला, तो संकटाच्या नावावर चालणाऱ्या अमर्याद सत्तेविरुद्ध लढला. त्याच्या डोंगराखाली झोपणाऱ्या माणसास वेळेवर जागे करणारी आणि उगाच न उठविणारी अशी एक प्रामाणिक घंटा मिळाली, तर त्या वंदनास काही अर्थ राहील.